जर्दाळूंच्या दिवसांतला जन्म

आमच्या अप्पांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या धाकट्या भावाचीही १ जूनच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख जन्मभर चिकटली. ३१ मेला एकाच कचेरीतून पाच-सहा जण नारळ घेऊन निवृत्त होताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना माझं काम चटकन कळतं.

मी हँबुर्गमध्ये फोरमुंड आहे. युद्धातून निसटून एकट्याने इथे पोचलेल्या अल्पवयीन मुलाला कौटुंबिक न्यायालय जो कायदेशीर पालक नेमून देतं, तो फोरमुंड. शाळेचा दाखला, दाताचं ऑपरेशन, आश्रयाचा अर्ज, सगळीकडे सही माझी. बालकल्याण खात्यातल्या फोरमुंडकडे जास्तीत जास्त ५० मुलं द्यायची, आणि प्रत्येकाला एरवी महिन्यातून एकदा भेटायचं, असं कायदा सांगतो. हा आकडा ठरवणाऱ्याला स्वतःची मुलं किती होती कोण जाणे! २०१५ साली तर जर्मनीभरच्या बालकल्याण खात्यांनी मिळून एकेकटी आलेली ४२ हजारांवर मुलं आसऱ्याला घेतली होती.

नवी फाइल आली की मी आधी जन्मतारीख बघते. अफगाण मुलांच्या फायलींवर कितीतरी वेळा १ जानेवारी असते. अठरावं सरलं की माझं पालकत्व संपतं. मुलांच्या वसतिगृहातली खोलीही आपोआप राहत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत मदत चालू ठेवता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अजून आधार का हवा हे पटवून द्यावं लागतं. एकट्याने युरोप गाठणाऱ्या मुलाने ‘मला एकट्याला जमत नाही’ असं लिहून द्यायचं! अर्धी मुलं तिथेच अडतात.

म्हणून मी त्या तारखेपासून उलटी मोजते. भाषेचा वर्ग कधी, शाळा कधी, बेकरीत किंवा गॅरेजमध्ये शिकाऊ उमेदवारीचा करार कधी. करार हाती असला तर, काही अटींवर, आश्रयाचा अर्ज फेटाळला गेल्यावरही शिक्षणाची तीन आणि नोकरीची दोन वर्षं इथे राहता येतं. वकिलाइतकाच, क्वचित जास्तच, उपयोगी पडतो तो एखादा बेकरीमालक.

वयाबद्दल शंका आली तर आधी खात्यातली दोन माणसं मुलाशी बोलून अंदाज बांधतात. तरीही उलगडलं नाही तर वैद्यकीय तपासणी. हाताच्या एक्स-रेवरून वय ठरवताना जगभर ज्या चित्रसंग्रहाचा आधार घेतात, तो १९३०च्या दशकातल्या, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांच्या हातांवरून बनलाय. काबूलच्या वीटभट्टीवर राबलेलं मनगट त्याच्याशी ताडून बघायचं!

गेल्या काही वर्षांतला माझा एक मुलगा. आम्ही हिंदीत बोलायचो. त्याची हिंदी सिनेमातली, माझी मुंबईची. त्याच्याकडे तझकिरा, म्हणजे अफगाण ओळखपत्र होतं. जुन्या कागदी तझकिऱ्यावर पुष्कळदा जन्मतारीख नसते, अमुक साली अमुक वयाचा एवढंच. याच्या कागदावर ‘१३९६ साली दहा वर्षं’. म्हणजे जन्म १३८६चा. त्या कागदावरच्या अफगाण पंचांगाचं वर्ष नवरोजला, २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं. १३८६ सुरू झालं मार्च २००७मध्ये. कुणीतरी ‘२००७’ एवढंच उचललं आणि पुढे १ जानेवारी टाकली. ती तारीख तर १३८५मध्ये येते! त्याच्याच कागदाप्रमाणे त्या दिवशी तो जन्मलेला असणं शक्य नाही. कमीत कमी अडीच महिने, जास्तीत जास्त सव्वा वर्षाच्या आसपास बालपण त्या एका आकड्यात गेलं.

मी बोटांवर महिने मोजून दाखवले. कचेरीत टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. सामाजिक मदतीसाठी पहिल्यांदा सांगितलेली तारीखच धरतात. बदलायची तर लिहिताना चूक झाल्याचं दाखवा, नाहीतर त्याआधीचा, वेगळी तारीख असलेला मूळ कागद आणा. मूळ कागद होता, त्यावर तारीख नव्हती.

तो १ जानेवारीला अठरा वर्षांचा झाला. पुढच्या मदतीचा अर्ज आम्ही सप्टेंबरातच दिला होता. मंजुरी आली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर त्याने पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

नंतर एकदा त्याने आईला फोनवर विचारलं, मी नक्की कधी जन्मलो? ती म्हणाली, झाडावर जर्दाळू पिवळे व्हायला लागले होते तेव्हा.

जूनमध्ये तो तुर्की दुकानातून किलोभर जर्दाळू घेऊन माझ्या ऑफिसात आला. आता मी त्याची कुणी लागत नव्हते, भेटीची नोंदही करायची नव्हती. मी अप्पांची गोष्ट सांगितली. ‘म्हणजे त्यांचाही वाढदिवस खोटाच?’ त्याने विचारलं, आणि बी काढून अर्धा जर्दाळू माझ्यापुढे धरला.