वायरमनचं भूत

ज्या प्रसंगाला आमच्या गावात, हट्ट्यात, कोणी हूं की चूं केलं नाही, त्याच प्रसंगाला शहरातलं सभागृह खदाखदा हसलं. ही गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

फिल्म अर्ध्या तासाची, माझ्या पुतण्याने आणि त्याच्या दोस्तांनी मोबाइलवर काढलेली. खांबावर शॉक लागून मेलेला वायरमन भूत होऊन थकलेली बिलं वसूल करत फिरतो. गाव भुताला भीत नाही, बिलाला भितं. गोंड राजांच्या काळातल्या आमच्या बावडीत भूत दाखवू नका, असं म्हाताऱ्यांनी बजावलं, म्हणून शूटिंग धानाच्या बांधीत आणि आमच्या कोठ्यात झालं. भुताचे पाय उलटे दिसावेत यासाठी चपला उलट्या करून सुतळीने बांधल्या होत्या. त्यापायी एका रात्री भूत धुऱ्यावरून तोंडघशी पडलं, पण पावतीपुस्तक हातात वर धरूनच. पोरांनी ते तसंच ठेवलं. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या रात्री दंडारीच्या खेळाआधी ही फिल्म पडद्यावर दाखवली, तेव्हा त्या पडण्यावर लोक लोटपोट झाले.

वायरमनच्या आईचं काम शेजारच्या काकूंनी केलंय. मेलेला मुलगा दारात उभा बघून ही आई किंचाळत नाही. जेवलास का, एवढंच विचारते आणि ताट वाढायला आत जाते. काकू घरी बोलतात तसंच बोलल्या, पोवारी आणि हिंदी मिसळलेल्या मराठीत. मंडईत त्या वेळी एकदम शांतता झाली होती. वीजकामात माणसं गेलेली घरं आमच्याकडेही आहेत.

पुढे एका मोठ्या शहरातल्या स्पर्धेत फिल्म निवडली गेली. पोरांनी इस्त्रीचे शर्ट घातले, काकू नवी साडी नेसल्या, आम्ही गोंदियाहून गाडी धरली. सूत्रसंचालकाने ओळख करून देताना सांगितलं, की अशा फिल्म इतक्या वाईट असतात की त्यातच खरी मजा असते. म्हणजे दिवे मालवायच्या आधीच कसं हसायचं ते ठरलं. भूत पडलं, लोक हसले, ठीक. पण काकूंनी तोंड उघडलं आणि सगळ्यात मोठा हशा तिथे झाला. वाक्यात विनोद नव्हता. होती ती आमची बोली. काकू माझ्या बाजूच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि आवाज खराब आला का, असं मला विचारलं. पुढे चहाच्या वेळी कुणीतरी त्यांच्यासोबत सेल्फी काढला आणि ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं. मी तिथे मध्ये पडायला हवं होतं की नाही, यावर घरात अजून वाद होतो.

‘वाईट म्हणूनच भारी’ हे कौतुक मला मान्य नाही. रामसे बंधूंनी 1972 च्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’साठी घरचीच माणसं घेऊन महाबळेश्वर गाठलं, कॅमेरा, आवाज, संकलन, दिग्दर्शन सगळं भावाभावांत. ‘द ईव्हिल डेड’ (1981) काढणाऱ्या सॅम रेमीकडे महागडी सामग्री नव्हती, म्हणून कॅमेरा फळीवर ठोकून माणसं जंगलातून पळाली. सैतान अंगावर धावून येतोय असं वाटतं ते त्यामुळे. आपल्या ‘झपाटलेला’तला (1993) तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांचा बाहुला, हे लहान पोरालाही दिसतं, तरी रात्री कपाटाकडे बघवत नाही. हसू आणि भीती एकाच बाहुल्यातून निघते, ही गंमत पैशाने विकत मिळत नाही. जपानच्या ‘वन कट ऑफ द डेड’मध्ये (2017) पहिली 37 मिनिटं सलग एकाच शॉटमध्ये, अडखळत चालतात, नंतर प्रत्येक अडखळण्यामागची धावपळ दिसते आणि आपण त्या पडद्यामागच्या माणसांचे होऊन जातो. होतकरू पोरांनी हा सिनेमा बघावाच.

पण गरिबीच्या नावावर सगळं खपवू नये. ‘पुराना मंदिर’मध्ये (1984) भुताची गोष्ट थांबवून जगदीपचं ‘शोले’चं विडंबन मध्ये घुसतं आणि दोन्ही सिनेमे एकमेकांची वाट अडवतात. जाड्या बाईवर, तोतऱ्या माणसावर केलेले विनोद हा तर निव्वळ आळस. आमच्या पोरांच्या फिल्ममध्येही असा एक तोतरा सावकार आहे. तो काढा म्हणून मी आधीच सांगितलं होतं. आणि आवाज! अंधुक चित्र लोक सहन करतात, न ऐकू येणारा संवाद करत नाहीत. आमच्या अर्ध्या फिल्मभर लांबचा थ्रेशर घरघरतो. काकूंचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

खरं सांगायचं तर ‘पुराना मंदिर’मधला सैतान सामरी पडद्यावर आला की मीही हसतो, आणि ते हसू काही फार प्रेमाचं नसतं. त्या सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले सिव्हिल इंजिनियर. त्यांच्या चेहऱ्यावर, उंचीवर आम्ही व्हिडिओच्या भाड्याच्या पैशात रात्रभर हसलो आहोत. मग शहरातल्या लोकांना मी कोणत्या तोंडाने बोलू? तरी बोलतो. काकूंच्या बाबतीत मला माघार घ्यायची नाही.

पोरांनी आता पुढची फिल्म लिहायला घेतलीय. भूत यावेळी पुण्याहून आलेलं असेल, सगळी पात्रं शुद्ध बोलतील, असं पुतण्या म्हणतो. आईचं काम नाही. स्पर्धेचे पैसे भरायला मी तयार नाही, असं त्याला सांगितलंय. कॉलरला लावायचा माइक मात्र घेऊन देईन, आणि आईचा प्रसंग परत लिहिला तर त्यासाठी थ्रेशरवाल्याशी मी स्वतः बोलेन.