वॉर्डाबाहेरचा बाक

नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाआधी मी तापाने दवाखान्यात पडून होते. बायकांच्या वॉर्डात सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या महिन्याच्या दीड हजारांचीच बोलणी: मुलीची फी, गॅस, स्वतःच्या नावाचं पहिलं पासबुक. बाहेरच्या बाकावर पुरुष सोयाबीनवरून चिडलेले. क्विंटलला हमीभाव ४,८९२ रुपये, हातात येतात चार हजार; आणि बायकांना मात्र फुकटचं, हेही त्यात आलंच. दुखणी एकाच घरातली, पण दाराआडचं बाकापर्यंत पोचत नव्हतं. मला ते फार लागलं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, यंदा मत कुणाला ते घरी सांगणार नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांनाच थेट जाब विचारला होता. आता या बाईने मात्र घरी बोलणंच टाळायचं ठरवलं. ही भीती की नवं बळ, मला अजून ठरवता येत नाही.