कोन आणि अंतर

मराठी समीक्षेत ‘दृष्टिकोन’ हा शब्द इतका रुळला आहे, की त्यात एक ‘कोन’ दडलेला आहे याचे भान राहत नाही. वर्गात कादंबरी शिकवताना निवेदकाचा दृष्टिकोन म्हणजे त्याचे मत, असा अर्थ विद्यार्थी चटकन घेतात आणि निवेदक कोठे उभा आहे, हा मूळ प्रश्न बाजूला पडतो. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. हा प्रश्न आम्हाला नव्याने विचारला तो ७०-३०० मिलिमीटरच्या एका झूम लेन्सने.

सिंधुदुर्गातील दशावताराचे प्रयोग छायाचित्रांत नोंदवून ठेवण्याचे काम आम्ही काही हंगामांपासून करीत आहोत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, की देवळाच्या प्रांगणात रात्री उशिरा नाटक उभे राहते आणि पहाटेपर्यंत रंगते. संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्याउभ्या रचतो. लाकडी बाक हेच राजाचे सिंहासन. ज्याला लिखित संहिता नाही अशा नाटकाचा अभ्यास करायचा, तर नटाचा चेहरा, त्याचे हात, त्याचे पाऊल यांनाच पाठ मानावे लागते. प्रेक्षकांतून उठून कोणाचा रसभंग करावा लागू नये, म्हणून आम्ही झूम लेन्स वापरू लागलो.

ही लेन्स रात्री सहजासहजी वश होत नाही. कडे फिरवत ३०० मिलिमीटरच्या टोकाला नेले, की तिचे मोठ्यात मोठे ॲपर्चर एफ/४ वरून एफ/५.६ वर, म्हणजे निम्म्या प्रकाशावर येते. त्याच टोकाला चित्र हलू नये म्हणून शटरचा वेग निदान सेकंदाच्या तीनशेव्या भागाइतका ठेवावा, असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप सावरते, संकासुराची उडी सावरत नाही. त्यामुळे नट संवादाच्या शेवटी क्षणभर थबकतो ती जागा ओळखून बटण दाबावे लागते. ती ओळखण्यासाठी नाटक ऐकत बसावे लागते, हा एक लाभच म्हणायचा.

पण झूमविषयीचा खरा गैरसमज प्रकाशाचा नाही, अंतराचा आहे. एका जागी उभे राहून कडे फिरवले, की दृश्य जवळ आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याच दृश्याचा एक तुकडा मोठा होऊन मिळतो. पुढच्या आणि मागच्या वस्तूंचे परस्परप्रमाण तसूभरही बदलत नाही. ते बदलते छायाचित्रकार चालू लागला तरच. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’त (१९५८) जिन्याच्या पोकळीत डोकावणाऱ्या नायकाची भोवळ याच भेदातून साकारली आहे: कॅमेरा एकीकडे सरकतो, झूम त्याच्या उलट चालतो, आणि चौकटीच्या कडा जागच्या जागी राहून खोली मात्र लांबत जाते. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’त (१९६४) चारू नाटकाच्या दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसे न्याहाळते, आणि मग, तिच्याकडे न पाहताच शेजारून निघून गेलेल्या नवऱ्यालाही त्याच दुर्बिणीतून पाहते. दुर्बीण खाली येते आणि दृश्य झपाट्याने मागे हटते. नवरा चार पावलांवर आहे. ती चार पावले भिंगाने ओलांडता येत नाहीत.

एका जत्रेत प्रयोगापूर्वी एक वयस्क नट स्त्रीवेषाची रंगरंगोटी करीत बसले होते. आम्ही दाराशी उभे राहून, सुमारे वीस फुटांवरून, त्यांची काही छायाचित्रे घेतली. आरशात पाहतच ते म्हणाले, “लांबसून कित्या काढतास? हयसर येवन बसा.” आमच्या लेन्सला दीड मीटरच्या आत फोकस साधत नाही, म्हणून तेवढे अंतर राखून आम्ही चटईवर बसलो आणि कडे ७० वर आणले. घरी दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली. चेहरा दोन्हींत जवळजवळ सारख्याच आकाराचा होता. मात्र दारातून घेतलेल्या चित्रात मागचा पेटारा त्यांच्या खांद्याला चिकटून बसला होता. चटईवरून घेतलेल्या चित्रात तो मागे, आपल्या जागी गेला होता, आणि चेहरा व आरसा यांच्यामध्ये पावडर लावणाऱ्या हाताला जागा मिळाली होती.

येथे आम्हा दोघांत मतभेद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. एकाला दारातले चित्र अधिक विश्वसनीय वाटते, कारण त्यात नट फक्त आरशाकडे पाहतो आहे. जवळच्या चित्रात तो किंचित ताठ बसला आहे, म्हणजे प्रयोग तेथेच सुरू झाला आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की न विचारता मिळालेल्या चेहऱ्यापेक्षा बोलावून दाखवलेला चेहराच अभ्यासाला अधिक नैतिक आधार देतो.

अशा लेन्सची निगा राखणे हाही अंतराचाच भाग आहे. कडे फिरवताना लांब-आखूड होणारी झूम लेन्स हवा आत ओढते आणि बाहेर टाकते. प्रांगणातली धूळ, उदाचा धूर आणि रंगाची पूड तिच्या जवळपास असतेच. म्हणून प्रयोगानंतर आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि फारच गरज पडली तर द्रावणाचा थेंब कापडावर घेऊन मध्यापासून कडेकडे पुसायचे. थेंब थेट काचेवर टाकल्यास तो कडेने आत झिरपू शकतो. आषाढ-श्रावणात मात्र शत्रू वेगळा असतो. कोकणातल्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, आणि ती वाढू दिली तर तिच्यातील आम्ल काचेवरील लेप कायमचा खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि त्याचा रंग पालटला, की ते तापवून पुन्हा कोरडे करावे. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते. आणि जत्रा नसल्या तरी आठवड्यातून एकदा ती बाहेर काढून उजेडात वापरावी. कपाटात जपलेल्या पोथीला कसर लागते, हे मराठीच्या अध्यापकाला निराळे सांगायला नको.

या मतभेदातून एक पद्धत मात्र आम्ही दोघांनी स्वीकारली आहे. आमचा कॅमेरा प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ, शटरचा वेग, ॲपर्चर आणि फोकल लेंग्थ नोंदवतो. आम्ही कोठे होतो, हे तो नोंदवत नाही. म्हणून सोबत एक वही असते. तीत छायाचित्राच्या क्रमांकापुढे लिहिलेले असते: दारातून, वीस फूट, नटाला ठाऊक नाही, किंवा चटईवरून, पाच फूट, त्यांनी बोलावल्यावर. उद्या कोणी विद्यार्थी या संग्रहावर प्रबंध लिहायला बसला, तर चित्रांच्या आधी ती वही त्याच्या हाती द्यावी, असे आम्ही ठरवले आहे.