उधारीला तारीख हवी

गाळप सुरू झालं की बारामती-इंदापुरातल्या दुकानदारांचे डोळे ऊसबिलाकडे लागतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. कारखान्यांचे पैसे खात्यावर पडले की पेठ हलते. तोवर कारभार उधारीवर. कायद्याने उसाची रास्त किंमत, म्हणजे एफआरपी, १४ दिवसांत मिळायला हवी, पण त्या भरवशावर दुकान चालवता येत नाही.

आज एका पाणबुडी मोटारींच्या दुकानात उधारीची वही चाळली. वसुलीच्या रकान्यात तारखेऐवजी ओळीनं ‘बिल आल्यावर’ लिहिलेलं. माल चांगला, गिऱ्हाईक शब्दाचं पक्कं. तरी घाऊक व्यापाऱ्याला द्यायला गल्ल्यात पैसे नाहीत. कागदावर नफा दिसत असतानाही रोकड आटली की धंदा बसतो.

उधारी बंद करा, असं मी म्हणणार नाही. गावात ते जमत नाही. पण प्रत्येक खात्याची मर्यादा ठरवावी, तारीख लिहावी, रोखीला थोडी सूट द्यावी. ज्याच्या दारात गोठा आहे, त्याचा हप्ता दुधाच्या पगाराला बांधावा. आणि ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली की त्याच दिवशी विहिरीवर माणूस पोचवावा. फ्लेक्सपेक्षा ही जाहिरात लांब जाते.

उधारीचा हा पेच फक्त दुकानदारांचा नाही. एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्यांनी उद्यम नोंदणी जरूर करावी. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार त्यांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. पुढं व्याज मागता येतं. घामाचे पैसे वेळेवर मागण्यात संकोच कसला?