सारंगखेड्याचा एकमुखी आणि मळवलीचा त्रिमुखी

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, सारंगखेडा येथे मार्गशीर्ष पौर्णिमेस म्हणजे दत्तजयंतीस जी यात्रा भरते, ती घोडेबाजारामुळे महाराष्ट्राबाहेरही ओळखली जाते. मात्र ज्या दत्ताच्या नावाने ती भरते तो एकमुखी आहे, ही गोष्ट चित्रकलेच्या अभ्यासकाला थांबवून धरणारी आहे. महानुभाव पंथातही दत्तात्रेयप्रभू पंचकृष्णांपैकी, म्हणजे परमेश्वराच्या पाच अवतारांपैकी एक असून त्यांना एकच मुख असते. याउलट महाराष्ट्रातील बहुसंख्य देवघरांत दत्त म्हटला की तीन शिरे, सहा हात, मागे गाय आणि पायांशी चार श्वान, हेच रूप डोळ्यांपुढे उभे राहते. हे रूप मूर्तींत व पोथ्यांत पूर्वीपासून होते. पण त्याला हाडामांसाचा देह देऊन ते घरोघरी नेण्याचे काम राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या नावाने निघालेल्या रंगीत छापचित्राने केले.

रविवर्म्यांची शैली ‘अकादमिक’ म्हणजे युरोपीय कलाशाळांत घडलेली: शरीररचनेचा अभ्यास, एका दिशेने येणारा उजेड, तैलरंगांत उमटणारा त्वचेचा व वस्त्राचा पोत. अशा शैलीत तीन शिरांचा देव रंगवणे ही मोठीच कसोटी होय, कारण दगडातील मूर्तीला जे सहज खपते ते छायाप्रकाशाने घडवलेल्या देहाला खपत नाही. या चित्रात मधले मुख समोर असून बाजूची दोन किंचित वळलेली आहेत. त्यामुळे तिन्ही मुखांचा भार एकाच मानेवर विश्वासार्ह वाटतो. रूढ मूर्तिलक्षणाप्रमाणे माळ-कमंडलू ब्रह्म्याचे, शंख-चक्र विष्णूचे, त्रिशूळ-डमरू शिवाचे, श्वान म्हणजे चार वेद आणि गाय म्हणजे पृथ्वी. परंतु हे सारे संकेत बाजूला ठेवले तरी ते श्वान खरेखुरे श्वान वाटतात, आणि चित्राची खरी किमया तिथेच आहे.

या शैलीला राजाश्रय देणारे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे, आणि त्यांच्या संस्थानाचा सोनगड-व्यारा हा मुलूख नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला लागूनच होता. त्यांनी रविवर्म्यांकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. अशी चित्रे सामान्यांच्या घरी पोहोचावीत या हेतूने रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. जुन्या चित्राच्या खालच्या कडेला ‘कार्ला-लोणावळा’ असा ठिकाणाचा उल्लेख इंग्रजी अक्षरांत आढळतो, तो याच छापखान्याचा.

छपाई शिळेवर होत असे. तेलाचे पाण्याशी जमत नाही, एवढ्याच गोष्टीवर शिळाछापाचे तंत्र उभे आहे: चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा भिजवायची आणि मग शाई फिरवायची, म्हणजे ती रेघांवरच धरते. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागे आणि कागद प्रत्येक शिळेवर अचूक त्याच जागी बसावा लागे. केसभर सरकला तर ओठांचा रंग ओठांबाहेर जाई. शेवटी वार्निश देऊन आणि काही प्रतींवर कॅनव्हासचा पोत दाबून तैलचित्राचा भास आणला जाई, म्हणून अशा छापचित्राला ‘ओलिओग्राफ’ म्हणतात. भिंग धरून दत्ताचा गाल पाहिला तर सलग कातडीच्या जागी गुलाबी, पिवळसर आणि तपकिरी ठिपक्यांची दाटी दिसते. हे ठिपके शिळेवर हाताने उमटवणारे कारागीर बहुतांशी अनामिक राहिले. वास्तविक घरोघरी पोहोचलेला चेहरा त्यांच्याही हातचा आहे, आणि त्यांची नावे रविवर्म्यांच्या शेजारी नाहीत याची खंत कलेच्या इतिहासाला वाटायला हवी.

घरात आलेले चित्र पुन्हा बदलते. कुणी देवाच्या वस्त्रावर जर आणि टिकल्या चिकटवते, रोजचे गंध-कुंकू काचेवर साठत जाते, समईच्या काजळीने आणि वयाने वार्निश मधासारखे पिवळे पडते आणि चौकटीमागच्या लाकडी फळीतील आम्ल कागदाला ठिसूळ करते. संग्राहक अशा प्रतीवरील जर उतरवून तिला ‘मूळ’ रूप देऊ पाहतात; हे चूक आहे, कारण छापखान्यातून हजारोंनी निघालेल्या एकसारख्या कागदांतून ही एक प्रत त्या जरीने आणि टिकल्यांनीच वेगळी झालेली असते. बदलायची तर मागची फळी बदलावी, काच आणि कागद यांत थोडी पोकळी ठेवावी, आणि चित्र उन्हाच्या भिंतीवरून काढून सावलीच्या भिंतीवर लावावे. खानदेशातील उन्हाळ्यात एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. ही निगा निकडीची आहे, कारण मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत सापडला आणि तिथून आता नवी प्रत निघणे नाही. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या पायी नारळ वाढवणारा भाविक घरी परतून भिंतीवरच्या त्रिमुखी दत्ताला त्याच श्रद्धेने हात जोडू शकतो, आणि त्याला या दोन्हींत विसंगती वाटण्याचे कारण नाही.