उघडीपीची वाट

"भाबी, कोकणात राहून दुर्बीण घेणं म्हणजे वाळवंटात होडी घेणं," असं माझे दीर मला नेहमी चिडवतात. ते स्वतः कुवेतला असतात, त्यामुळे वाळवंटाबद्दल बोलायचा त्यांना हक्क आहे. आणि बोलणं खोटंही नाही. आमच्या हर्ण्याला जूनमध्ये आभाळ भरून येतं ते थेट ऑक्टोबरमध्येच मोकळं होतं. २०२५ साली तर मे संपायच्या आतच पावसानं ठाण मांडलं. त्या चार-पाच महिन्यांत छतावर जाऊन बसावं अशा रात्री मिळतात किती? बोटांवर मोजाव्यात इतक्या.

दुःख असं, की वर्षातलं सगळ्यात देखणं आकाश याच महिन्यांत आपल्या डोक्यावर असतं. जुलैच्या रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला आकडेबाज शेपटीचा वृश्चिक, त्याच्या डाव्या हाताला धनू आणि या दोघांमधून वर चढत गेलेला आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा. हे सगळं ढगांच्या पलीकडे, आणि आपण अलीकडे पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसलेले. ऑगस्टच्या १२-१३ तारखेला ययाती तारकासमूहातून उल्का पडतात. जगभरचे लोक त्या रात्री गाद्या टाकून अंगणात झोपतात. मी इतक्या वर्षांत त्यातली एक उल्का पाहिलेली नाही.

आमच्या सासूबाई मात्र पावसाळ्यातच नक्षत्रांची नावं घेतात. मृग लागला, आर्द्रा कोरड्या गेल्या, हत्तीचा पाऊस आला. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, यांना हे तारे दिसतात तरी कधी? नंतर कळलं, की मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. मृगाचे तारे तेव्हा सूर्याच्या जवळ असतात, दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. आभाळ निरभ्र असतं तरी ते दिसले नसते. शेतकऱ्यानं न दिसणाऱ्या ताऱ्यांवर पेरणीचं वेळापत्रक बसवलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तशी ढगांची आणि आपली ओळख जुनीच आहे. लहानपणी २९ तारखेच्या मगरिबला अब्बा मला बंदरावर घेऊन जायचे. पश्चिमेला सुवर्णदुर्ग, त्याच्यामागे समुद्र, आणि समुद्राला टेकलेली ढगांची काळी कड. सगळा मोहल्ला डोळे ताणून उभा असायचा. कुणीतरी पोरगं "तो बघा!" म्हणून ओरडायचं, आणि तो चंद्र नसून ढगाची चकाकती किनार निघायची. मग रात्री उशिरापर्यंत मुंबईच्या घोषणेची वाट. चंद्राचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून जरासा मोठा असतो, म्हणून कधी २९, कधी ३०. आभाळ आलं आणि चंद्राची गवाही मिळाली नाही, तर तीस पूर्ण करायचे. यात नशिबाला दोष नाही, हळहळ नाही, "बहुतेक असेल" नाही. ढग येणार हे धरूनच नियम घालून दिलेला आहे. २०१४, २०१५ आणि २०१६ या तिन्ही वर्षी रमजानची ईद जुलैत, भर पावसात आली, तेव्हा हा नियम घराघरात कामाला आला. चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतं. आता भर पावसातली ईद पुन्हा यायची ती २०४५ च्या आसपास.

वयाच्या चाळिशीनंतर मी दुर्बीण घेतली तीही अब्बांमुळेच. त्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून आहे तेवढी राखायची. त्यात कडांची नजर आधी जाते, मधली बराच काळ टिकते. अब्बांना समोरचा माणूस दिसतो, पण बाजूनं आलेली सायकल दिसत नाही. एका संध्याकाळी वर्तमानपत्र दूर सारत ते म्हणाले, "बेटा, शनीला कडं असतं म्हणे. ते एकदा बघायचं राहिलं." बस, एवढंच. मी साठवलेले पैसे काढले आणि साडेचार इंची आरशाची दुर्बीण मागवली. ती आली २० मेला. नवी दुर्बीण घरात आली की आभाळ येतं, असं या छंदातले लोक गमतीनं म्हणतात. आमच्याकडे आठ दिवसांत पाऊस आला.

पावसाळ्यातलं पहिलं काम म्हणजे दुर्बीण जगवणं. कोकणातल्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते, आणि एकदा काचेवर जाळं पसरलं की ती काच बहुधा कायमची डागाळते. नेत्रिका मी तांदळाच्या जुन्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. तिच्या निळ्या खड्यांचा रंग गुलाबी झाला की ते गरम करून पुन्हा कोरडे करायचे, पण स्वयंपाकाच्या तव्यावर अजिबात नाही, कारण त्या निळ्या रंगातलं रसायन पोटात जाण्यासारखं नसतं. ऊन पडलं की डब्याचं झाकण उघडून नेत्रिका खिडकीत ठेवते, मात्र उन्हात नाही. भिंगावर पडलेलं ऊन काय करतं हे कागद जाळणाऱ्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा.

दुसरं काम म्हणजे ढगांकडेच बघायला शिकणं. पातळ, उंच ढगांतून चंद्राभोवती मोठं खळं पडतं. खळं पडलं की पाऊस, असं आपली माणसं म्हणतात. ते ढग बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात आणि प्रकाश त्यांतून वळून येतो, म्हणून खळ्याची त्रिज्या साधारण २२ अंशच भरते. हात लांब करून पंजा ताणला तर अंगठ्यापासून करंगळीच्या टोकापर्यंत जवळपास तेवढंच अंतर. माझ्या धाकट्यानं हे मोजून पाहिलं आणि तेव्हापासून तो पाहुण्यांनाही मोजायला लावतो. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहानं टिपलेली ढगांची चित्रं साधारण अर्ध्या अर्ध्या तासानं येतात. चार चित्रं पाठोपाठ पाहिली की समुद्रावरची मोकळी जागा आपल्याकडे सरकतेय की नाही, याचा अंदाज येतो. पावसाळी उघडीप थोडा वेळच टिकते, पण तेवढ्यात धुऊन निघालेलं आकाश असं दिसतं, की डिसेंबरच्या धुरकट रात्री त्याच्यापुढे फिक्या.

कंटाळा आला की मी ल जांतीची गोष्ट आठवते. हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पाहण्यासाठी भारताकडे निघाला. १७६१ च्या वेळी तो समुद्रात होता. हलत्या जहाजावरून मोजमाप कसलं घेणार? पुढचा योग आठ वर्षांनी होता, म्हणून तो इकडेच थांबला. पाँडिचेरीला वेधशाळा उभारली. ४ जून १७६९ ची सकाळ उजाडली आणि ऐन वेळी सूर्य ढगाआड गेला. शुक्र बिंबावरून उतरून गेल्यावर आभाळ स्वच्छ झालं. तो परत फ्रान्सला पोचला तेव्हा त्याला मेलेला समजून वारस मालमत्ता वाटून घ्यायच्या तयारीत होते. ही गोष्ट मी अब्बांना सांगितली तर ते इतके हसले की ठसका लागला.

आमचा योग आला ७ सप्टेंबर २०२५ ला. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, अकरा वाजल्यापासून सुमारे बारा वाजून बावीस मिनिटांपर्यंत पूर्ण ग्रासलेला चंद्र. संध्याकाळपासून सर येत होती, जात होती. अब्बांनी घरातच ग्रहणाची नमाज पढून घेतली आणि छतावर खुर्ची मांडून, डोक्यावर टॉवेल टाकून बसले. दुर्बिणीवर मी मेणकापड घातलं होतं. पावणेबाराला ढग फाटले. चंद्र तांब्याच्या जुन्या नाण्यासारखा, आणि पूर्णचंद्राचा उजेड नसल्यामुळे त्याच्या पूर्वेला, थोड्या अंतरावर, शनी स्पष्ट दिसत होता.

ही फट किती मिनिटांची हे कुणाला ठाऊक? मुलं "चंद्र लावा, चंद्र लावा" म्हणून मागे लागली. मी म्हटलं, चंद्र डोळ्यांनी बघा, आणि दुर्बीण शनीकडे वळवली. हात थरथरत होते. शनी नेत्रिकेत आला की दीड-दोन मिनिटांत सरकून कडेला जातो, पुन्हा आणावा लागतो. अब्बांनी डोळा लावला. आधी काही दिसेना. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कडं कुठंय? मोत्यातून सुई आरपार घातलीय."

अगदी खरं बोलले ते. त्या वर्षी शनीची कडी पृथ्वीवरून जवळजवळ धारेवर दिसत होती, म्हणून गोल कड्याऐवजी एक रेघ. काचबिंदूनं अरुंद केलेली त्यांची नजर आणि नेत्रिकेची अरुंद नळी, दोघांचं त्या घडीला चांगलं जमलं. दोनदा शनी निसटला, दोनदा मी परत आणला. मग पाऊस आला.

थंडीत मी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवायला गेले. इराणातल्या अब्दुर्रहमान अस्सूफी यांनी ९६४ च्या सुमाराला ताऱ्यांवरच्या आपल्या ग्रंथात देवयानी तारकासमूहातल्या एका छोट्या ढगाची नोंद केली. तो ढग म्हणजे पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूरची अख्खी दीर्घिका. हजार वर्षांपूर्वी ढग म्हणून नोंदलेली ही वस्तू नोव्हेंबरच्या काळोखात साध्या डोळ्यांनाही दिसते. पण अशी अंधुक वस्तू नीट दिसायची तर तिच्याकडे सरळ न बघता जरा बाजूला बघावं लागतं. डोळ्याचा कडेचा भाग मंद उजेडाला जास्त जागा असतो. अब्बांची कडेची नजर तर गेलेली. दुर्बिणीतूनही त्यांना काहीच दिसलं नाही. "तू सांग," म्हणाले. मी सांगत राहिले: लांबट आहे, मध्ये उजळ, कडेला विरत जाणारा, कापसाच्या पेळूसारखा.

त्यांना जे नक्की दिसेल ते मी रमजानसाठी ठेवलंय. आकाश दर महिन्याला दोन तास लवकर येतं, म्हणजे जुलैत रात्री नऊला ढगांमागे लपणारं आकाश मार्चमध्ये पहाटे पाचला, ऐन सहरीच्या वेळी, मोकळं असतं. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय. सहरीचं उरकून स्वयंपाकघरातला दिवा मालवा, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि डोळ्यांना दहा मिनिटं द्या. वृश्चिकातली लालसर ज्येष्ठा लगेच ओळखू येते, तिच्या खाली शेपटीचा आकडा. ज्येष्ठा चांगली ठळक आहे, अब्बांना दिसेल. खुर्ची मी छतावर नेऊन ठेवली आहे, टॉवेलसुद्धा.