वाळवंटातील पाण्याचा जमाखर्च

दक्षिण कॅलिफोर्नियातील शाळांना वसंत ऋतूत आठवडाभराची सुट्टी असते. लॉस एंजेलिसजवळ स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने मार्च महिन्यातील ही सुट्टी वाळवंटात, तंबूत राहून घालवायचे ठरविले. आई, वडील, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडीकडून काही महिन्यांसाठी आलेल्या आजी असे पाच जण निघाले. सत्तरीच्या आजींना तंबूत झोपविण्याची कल्पना प्रथम कोणालाच रुचली नव्हती. “दुष्काळी मुलखात जन्म गेला माझा. मला कसलं वाळवंट दाखवता?” असे म्हणून आजींनीच तो प्रश्न निकालात काढला.

मार्ग आखलेला होता. प्रथम जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री, नंतर मोजावे वाळवंटातून उत्तरेकडे प्रवास आणि शेवटी डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात तीन रात्री. गाडीत तंबू, गॅसची शेगडी, घडीचा पलंग, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि मुगाची डाळ यांच्या जोडीला वीस लिटरचे चार डबे भरून पाणी घेतले होते. वाळवंटात माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे चार लिटर पाणी हवे, असे उद्यानाचे अधिकारी सांगतात. पाच माणसांचे पिण्याचे वीस लिटर आणि स्वयंपाक व धुण्यासाठी दहा, असा रोजचा तीस लिटरांचा अंदाज वडिलांनी केला. त्याचा हिशेब ठेवण्याचे काम मुलीकडे आले. तिने एका वहीत जमा, खर्च आणि शिल्लक असे तीन रकाने आखले आणि पहिल्या ओळीत ‘जमा ८० लिटर’ असे लिहिले.

जोशुआ ट्री उद्यान सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. उंचावरचे, थंड असे मोजावे आणि सखल, अधिक उष्ण असे कोलोरॅडो ही दोन वाळवंटे येथे एकमेकांना भेटतात. ज्याच्या नावाने उद्यान ओळखले जाते, तो जोशुआ वृक्ष खरे पाहता युक्का कुळातील वनस्पती आहे. तो वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढतो. त्याच्या फुलांचे परागीभवन करणारा एक लहानसा पतंग आहे. पतंगाची मादी फुलात अंडी घालते आणि त्याच वेळी परागकण योग्य जागी पोहोचविते. अळ्या काही बिया खातात, उरलेल्यांतून नवी झाडे येतात. पतंगाला दुसरे झाड चालत नाही आणि झाडालाही दुसरा सोबती नाही. मुलाने ही गोष्ट तीनदा सांगायला लावली आणि मग विचारले, “अळ्यांनी सगळ्याच बिया खाल्ल्या तर?” आई म्हणाली, “मग पुढे त्यांनाच झाड उरणार नाही.”

या उद्यानामागे एका स्त्रीची चिकाटी आहे. पॅसाडेना येथील मिनर्व्हा हॉइट यांना वाळवंटाचे विलक्षण वेड होते. शहरांतील बागा सजविण्यासाठी निवडुंग व युक्का उपटून नेले जात आहेत, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या. वाळवंटी वनस्पतींची प्रदर्शने त्यांनी न्यूयॉर्क, बोस्टन आणि लंडनपर्यंत नेली. अखेर १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९९४ मध्ये मिळाला. जेथे काहीच नाही असे लोक म्हणत, तेथे जपण्याजोगे पुष्कळ आहे, हे पटवून देण्यात त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे गेली.

कुटुंबाचा मुक्काम ‘जम्बो रॉक्स’ नावाच्या तळावर होता. हत्तींचा कळप बसावा तशा ग्रॅनाइटच्या गोलाकार शिळांच्या मधोमध तंबूंच्या जागा आहेत, मात्र पाण्याचा नळ नाही. पहिल्या संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी खिचडी झाली, जेवणे उरकली आणि सूर्य गेल्यावर थंडी एकाएकी उतरली. आकाश ताऱ्यांनी इतके भरून आले की, मुलाला ओळखीचे सप्तर्षीही सापडेनात.

सकाळी घोटाळा उघडकीस आला. एका डब्याची तोटी नीट बंद झालेली नव्हती. रात्रभर थेंबथेंब गळून नऊ लिटर पाणी वाळूने पिऊन टाकले होते. वाळूवर ओल म्हणावी तर तळहाताएवढीच दिसत होती. तोटी शेवटी कोणी उघडली होती, यावरून भावंडांची जुंपली. मुलगी वही घेऊन आजींकडे आली.

“आजी, हे खर्चात लिहू का? पण आपण तर वापरलंच नाही.”

“बुडीत लिही, बाळ,” आजी म्हणाल्या. “वापरलं ते खर्च, आणि गेलं ते बुडीत. दोन्ही वेगळं लिहिलं की मग कळतं, कुठे चुकलं ते.”

त्या दिवशी ताटे आधी कागदाने पुसून मग ओंजळभर पाण्यात धुतली गेली. तांदूळ धुतलेल्या पाण्यात डाळ शिजली. आजींना हे कोणी शिकवावे लागले नाही. १९७२ च्या दुष्काळात त्या ऐन तारुण्यात होत्या. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका, टँकरभोवतीची हंड्यांची रांग आणि रांगेत आपली पाळी येईतो टँकर रिकामा होण्याची धास्ती हे सारे त्यांनी पाहिले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला सुमारे ३४० किलोमीटर रेल्वेने पाणी नेले गेले, हेही त्यांनी नातवंडांना सांगितले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. “आगगाडीतून पाणी?” मुलाला ते जादूसारखे वाटले. आजींना मात्र ती आठवण सांगताना हसू आले नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी उत्तरेकडे निघाली. मोजावेतील केल्सोच्या वाळूच्या टेकड्या भोवतालच्या प्रदेशापासून सुमारे दोनशे मीटर उंच आहेत. कोरडी वाळू त्यांच्या उतारावरून घसरू लागली की, खोल घुमणारा आवाज येतो. मुलांनी उतारावरून घसरत तो आवाज काढला आणि वाळू कानांत घेऊनच गाडीत बसली. संध्याकाळी डेथ व्हॅली आली.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील हे सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. येथील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हवेचे जगातील सर्वोच्च तापमान म्हणून तीच नोंद मानली जाते. वर्षाचा पाऊस सरासरी पाच सेंटिमीटरच्या आसपास असतो. मात्र २० ऑगस्ट २०२३ रोजी आलेल्या वादळाने एका दिवसात ५.६ सेंटिमीटर पाऊस पाडला आणि बॅडवॉटर या खोलगट मैदानात तळे साचले. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. मागच्या कड्यावर उंच जागी ‘समुद्रसपाटी’ अशी पाटी लावलेली आहे. मान वर करून ती पाहताना मुलाने नकळत श्वास रोखून धरला. पायांखाली मैलोन्‌मैल पांढरे मीठ होते.

जवळच हार्मनी बोरॅक्स कारखान्याचे अवशेष आहेत. १८८० च्या दशकात येथून अठरा खेचरे आणि दोन घोडे जुंपलेल्या गाड्या सुमारे २६५ किलोमीटरवरील रेल्वेस्थानकापर्यंत टाकणखार वाहून नेत. मालाच्या दोन प्रचंड गाड्यांच्या मागे तिसरी टाकी असे, ती सुमारे साडेचार हजार लिटर पाण्याची. मुलीने ती पाहताच म्हटले, “म्हणजे त्यांचाही हिशेब होता.”

डेथ व्हॅलीत मुलाचे लक्ष एकाच गोष्टीकडे लागले होते. रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यात दगड आपोआप सरकतात आणि मातीवर लांब रेघा उमटवितात, असे त्याने शाळेत ऐकले होते. वडिलांनी ते दाखविण्याचे वचन दिले होते. फर्नेस क्रीकच्या तळावर नळ असल्याने पाण्याची चिंता सैल झाली होती. त्या सकाळी एकच डबा भरून गाडी सुमारे ९० किलोमीटरवरील उबेहेबे या ज्वालामुखीच्या विवराकडे निघाली. विवर पाहून झाले. तेथे डांबरी रस्ता संपतो आणि रेसट्रॅककडे जाणारी सुमारे ४३ किलोमीटरची खडकाळ वाट सुरू होते. उंच बांधणीच्या गाड्या आणि जाड, मजबूत टायर यांशिवाय जाऊ नये, अशी सूचना उद्यानाने देऊन ठेवलेली आहे. धारदार खडीने टायर फाटण्याचे प्रकार येथे नेहमीचे आहेत. फोनला सिग्नल मिळत नाही.

अकरा वाजले होते. वडिलांनी वाटेकडे पाहिले. एक गाडी नुकतीच धूळ उडवीत पुढे गेली होती. “हळूहळू गेलो तर जमेल,” ते म्हणाले. आईने काही न बोलता मागे पाहिले. मुलगा सीटवरून पुढे झुकला होता.

मुलीने वही उघडली. “बाबा, सकाळी वीस होतं, सात संपलं, तेरा उरलंय. टायर फुटला आणि रात्रभर अडकलो, तर उद्यापर्यंत वीस लागेल.”

कोणी काही बोलले नाही. मुलाचे डोळे भरून आले. “पण बाबांनी कबूल केलं होतं!”

वडिलांना ते लागले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरून मुलापाशी आले आणि म्हणाले, “हो, कबूल केलं होतं. पण विचार न करता केलं होतं. चूक माझी आहे.” मग त्यांनी गाडी वळविली.

परतीच्या वाटेवर आईने दगडांचे रहस्य सांगितले. संशोधकांनी दगडांत यंत्रे बसवून २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्यांची हालचाल प्रत्यक्ष पाहिली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. तळ्यात उथळ पाणी साचते, रात्री त्यावर काचेच्या तावदानाएवढा पातळ बर्फ धरतो, उन्हाने तो तडकतो आणि मंद वाऱ्यासरशी बर्फाचे हे मोठे ताव दगडांना मिनिटाला काही मीटर या गतीने पुढे ढकलतात. म्हणजे दगड हलतात तेही पाण्यामुळेच.

मुलाने बराच वेळ विचार करून विचारले, “आजी, आपण मोठे होऊन आलो, तर ते दगड तिथे असतील?”

“असतील की,” आजी म्हणाल्या. “वर्षानुवर्षं एका जागी बसून राहतात ते. तुला कसली घाई?”

शेवटच्या दिवशी दोघा भावंडांनी उद्यानाची बालरेंजर पुस्तिका पूर्ण केली, निसर्ग जपण्याची शपथ घेतली आणि बिल्ला मिळविला. खिशात दडविलेला एक खडा मुलाने शपथेपूर्वी आपणहून बाहेर काढून जागेवर ठेवला, कारण उद्यानातून काहीही नेण्यास मनाई आहे.

मुलांना घेऊन अशा प्रवासास निघणाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा, पाणी अंदाजापेक्षा अधिक घ्यावे, कागदी नकाशा जवळ ठेवावा आणि मुलांना कबूल करण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिशेबाची वही मुलांच्या हाती द्यावी आणि ती बोलली तर तिचे ऐकावे. या कुटुंबाच्या वहीतील शेवटच्या पानावर ‘शिल्लक ११ लिटर’ अशी नोंद आहे. त्याखाली, सात वर्षांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत, आणखी एक ओळ आहे: ‘येणे बाकी — दगड.’